एटापल्लीतला उद्योग सूरजागडपुरता नाही

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात उद्योग म्हटला की सूरजागडची लोहखाण आठवते आणि उद्योजक म्हटला की बाहेरून भांडवल घेऊन आलेला माणूस. माडिया आदिवासींच्या गावांत उद्योजकता नाही, ती कुणीतरी आणून रुजवावी लागते, हा समज त्यातूनच घट्ट झाला. उन्हाळ्यातला, विडीसाठी लागणाऱ्या तेंदूपत्त्याचा व्यवहार नीट पाहिला तर हा समज टिकत नाही. 1969च्या राज्य कायद्याने हा व्यापार सरकारच्या ताब्यात गेला होता आणि पान तोडणाऱ्याच्या हाती मुख्यतः मजुरी पडे. 1996च्या पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) आणि 2006च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी गावाकडे आली. आता अनेक ग्रामसभा हंगामाआधी ठराव करतात, कंत्राटदाराशी घासाघीस करून करारनामा लिहितात, फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, 70 पानांचे पुडे मोजून घेतात आणि प्रत्येक कुटुंबाचा हिशेब ठेवतात. मजुरीशिवाय मिळणाऱ्या रॉयल्टीला बाहेरचे लोक सरकारी मदत समजतात. ती मदत नाही, गावाच्या मालाची किंमत आहे.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की सगळ्या गावाने मिळून निर्णय घ्यायचे तर धंदा चालेल कसा? नेता एकच हवा. याचे उत्तर याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखात आहे. 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकारही त्याने मिळवला. देवाजी तोफा हे तिथले सर्वपरिचित नेते, पण निर्णय सर्वसहमतीने होतात आणि त्याआधी अभ्यासगटात विषयाची उकल होते. वेळ लागतो, हे खरे. मात्र चर्चेत सामील झालेला माणूस निर्णय अर्ध्यावर सोडत नाही, आणि अंमलबजावणीत हा वेळ भरून निघतो, असे मला वाटते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 2017 मध्ये तेंदूचे भाव चढले, 2018 मध्ये कोसळले. कंत्राटदारांनी पैसे थकवल्याच्या तक्रारीही झाल्या. मग सरकारी व्यवस्थाच बरी नव्हती का? पण भाव पडणे ही बाजाराची जोखीम आहे आणि ती कोणत्याही व्यापाऱ्याला चुकत नाही. ग्रामसभेची खरी अडचण वेगळी आहे: पान कोवळे असते ते काही आठवडेच, आणि तोडल्यावर वाळवून साठवायला गावाजवळ गोदाम नसेल तर मिळेल त्या भावाला होकार द्यावा लागतो. खरेदीदाराला हे ठाऊक असते. म्हणून दोष गावाच्या कुवतीत शोधण्याआधी सौद्याच्या अटींत शोधायला हवा.

करिअर म्हणजे नागपूर-पुण्याची नोकरी किंवा खाणीतले काम, हा समजही इथेच तपासावा. करारातली कलमे वाचणारा, जीएसटीचा हिशेब जाणणारा, लेखापरीक्षणाला सामोरा जाणारा तरुण ग्रामसभांना हवा आहे. खाणीतल्या पगाराशी गावाने त्याच्या मानधनाची बरोबरी करावी ही अपेक्षा आज अवास्तव आहे. पण अनेक ग्रामसभांनी एकत्र येऊन एक हिशेबनीस नेमणे आणि कंत्राटदाराकडून आगाऊ अनामत घेतल्याशिवाय तोडणी सुरू न करणे, ही दोन कामे पुढच्या हंगामाआधी होऊ शकतात.