किडनीच्या पथ्यात मशरूम

मशरूम किंवा अळिंबी किडनीच्या पथ्यात सरसकट वर्ज्य नाही. प्रश्न असतो तो किती आणि कोणत्या रूपात, याचा. 100 ग्रॅम ताज्या पांढऱ्या बटण मशरूममध्ये 92 टक्के पाणीच असते. उरलेल्यात प्रथिने सुमारे 3 ग्रॅम, पोटॅशियम 318 मिलिग्रॅम, फॉस्फरस 86 मिलिग्रॅम आणि सोडियम जेमतेम 5 मिलिग्रॅम. किडनी थकली की पोटॅशियम व फॉस्फरस रक्तात साठू लागतात. पोटॅशियम वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात, फॉस्फरस वाढला तर हाडे कमकुवत होतात. पोटॅशियम वाढलेल्या रुग्णाला बहुधा दिवसाला 2000 ते 3000 मिलिग्रॅमची मर्यादा घालून दिलेली असते.

फसगत होते ती मापात. 200 ग्रॅमचा पुडा चिरला की कढई भरते. आच लागली की पाणी सुटते, ते आटते आणि तेवढ्याचे वाटीभरच उरते. पोटॅशियम मात्र आटत नाही. त्या वाटीत सबंध पुड्याचे, सुमारे 630 मिलिग्रॅम असते. म्हणून मशरूम चिरण्याआधी वजनावर मोजावेत. उकळून पाणी ओतून दिले तर पोटॅशियम काहीसे उतरते, चवही उतरते. रस्सा केला तर पाण्यात उतरलेले सगळे पुन्हा ताटात येते.

धिंगरी (ऑयस्टर) मशरूममध्ये पोटॅशियम जास्त, 100 ग्रॅमला 420 मिलिग्रॅम. डबाबंद मशरूमची गत उलटी: पोटॅशियम 130 पर्यंत घटते, पण मिठाच्या पाण्यामुळे सोडियम 400 च्या वर जाते. पाकिटातल्या सुपात तर मशरूम नावालाच आणि मीठ भरपूर.

मशरूमचा खरा उपयोग वेगळाच आहे. त्यातल्या ग्लुटामेटमुळे पदार्थाला मुळातच खमंग चव येते आणि मीठ कमी घातले तरी जेवण अळणी लागत नाही. ‘लो सोडियम’ मीठ मात्र टाळावे. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते. डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिनांची गरज वाढते. ती अख्ख्या पुड्यातल्या 6 ग्रॅमने भागत नाही.

‘औषधी’ मशरूमच्या पावडरी हा तर वेगळाच धोका. जपानमध्ये चागा या मशरूमची पावडर महिनोन्‌महिने घेतल्याने, तिच्यातल्या ऑक्झलेटमुळे एका वृद्धेची किडनी निकामी झाल्याची नोंद आहे. रानातली अनोळखी छत्री तर निरोग्यालाही रुग्ण करते. युरोपातल्या कॉर्टिनेरियस जातीच्या काही छत्र्यांचे विष थेट किडनीवर घाला घालते, आणि लक्षणे दिसायला 2 दिवसांपासून 3 आठवड्यांपर्यंत वेळ लागतो. इंग्रज कादंबरीकार निकोलस इव्हान्स यांनी 2008 साली स्कॉटलंडमध्ये त्या खाण्याजोग्या समजून खाल्ल्या. पुढची 3 वर्षे त्यांनी डायलिसिसवर काढली. 2011 मध्ये मुलीने त्यांना आपली किडनी दिली.