मुस्तफा, कॉन्ट्रा आणि ‘लाईट गेली!’

अवसरी खुर्दच्या पोराला सेकंदाची किंमत शाळेतल्या घड्याळानं नाही, बैलगाड्याच्या घाटानं शिकवली. बारी सुटते, भंडारा उधळतो आणि ‘घाटाचा राजा’ कोण हे सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यावर ठरतं. त्यामुळे ‘सुपर मारिओ ब्रदर्स’चा विक्रम ऐकून आमच्याकडे कुणी भुवया उंचावणार नाही. १९८५ सालचा हा खेळ जगातले पट्टीचे खेळाडू सुरुवातीपासून राजकन्येपर्यंत चार मिनिटं ५५ सेकंदांच्या आत संपवतात. ही हद्द पहिल्यांदा २०२१ मध्ये मोडली. तेव्हापासून सगळी मारामारी सेकंदाच्या बारीक तुकड्यांवर चालू आहे. आमची अख्खी दिवाळीची सुट्टी पहिले दोन खड्डे ओलांडण्यात गेली, ते सोडा.

मारिओबद्दल आणखी. त्या खेळातला ढग आणि झुडूप हे एकच चित्र आहे. वर पांढरं, खाली हिरवं. जागाच नव्हती हो! अख्खा खेळ चाळीस किलोबाइटांत बसवलेला. सकाळी सकाळी काका व्हॉट्सॲपवर गुलाबाचं फूल घालून ‘शुभ सकाळ’ पाठवतात, ते चित्र याहून जड असतं. मारिओच्या मिशा म्हणजेही हौस नव्हे. इतक्या थोड्या ठिपक्यांत तोंड काढता येईना, म्हणून मिशा. केस जमेनात, म्हणून टोपी. आणि नाव? निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या गोदामाचे मालक मारिओ सेगाली, त्यांचं.

आता खरं सांगायचं तर निन्टेंडो हे नाव आमच्या कानावर फार उशिरा आलं. त्यांचं फॅमिकॉम हे यंत्र जपानात जुलै १९८३ मध्ये निघालं. आमच्याकडे पोचले ते त्याचे नकली भाऊबंद. सामुराई, मीडिया, लिटल मास्टर, नाहीतर डब्यावर काहीही छापलेले. सगळ्यांना मिळून एकच नाव: ‘व्हिडिओ गेम’. मुंबईचे मामा किंवा चुलते यात्रेला येताना तो घेऊन यायचे आणि त्या घराचा भाव आठवडाभर वधारायचा. टीव्हीची अँटेनाची वायर काढायची, गेमची खुपसायची आणि मुंग्यांमधून चित्र वर येईपर्यंत ट्यूनिंगचं बटण केसाकेसानं फिरवायचं. सापडलं की कुणी श्वाससुद्धा जोरात घ्यायचा नाही. सातच्या बातम्यांना मात्र वायर परत जागेवर. त्यात तडजोड नाही.

कॅसेटवर लिहिलेलं असायचं ‘९९९९९९९ इन १’. एक कमी एक कोटी! प्रत्यक्षात पाच-सात खेळ आणि पुढे तेच परत. कुठे चौथ्या पातळीवरून सुरू, कुठे जीव जास्त. तरीही यादी शेवटपर्यंत खाली खाली नेऊन बघणारा एकजण प्रत्येक वाड्यात होताच. कॅसेट चालली नाही की फुंकर. या फुंकरीवर आमची एवढी श्रद्धा की शेजारची आजीही ‘नीट फुंक रे’ म्हणायची. फुंकरीनं होत काहीच नाही. कॅसेट काढून परत बसवताना पिना नव्यानं टेकतात, काम त्यानं होतं. उलट तोंडातल्या दमटपणानं पिना गंजतात.

‘डक हंट’ची बंदूक तर शुद्ध फसवणूक. तिच्यातून काही सुटतच नाही, ती बघते. घोडा ओढला की पडदा निमिषभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीतल्या डोळ्याला तो दिसला तर बदक पडलं. बंदूक बल्बकडे रोखून फुकट गुण मिळवायची युक्ती आमच्यातल्या हुशारांनी करून पाहिली होती. पण काळ्या पडद्याच्या वेळीही उजेड दिसला की खेळाला लबाडी कळते. ती जुनी बंदूक आजच्या चपट्या टीव्हीवर चालत नाही, कारण चित्र उमटायला त्याला किंचित उशीर होतो. आणि हे बहुतेकांना ठाऊकच नव्हतं: दुसरा रिमोट हातात असेल तर एकट्या बदकाच्या खेळात ते बदक हवं तसं उडवता येतं. नेम हुकला म्हणून लहान भावाला बुकलून काढणाऱ्यांनी आता हिशेब तपासावा.

कॉन्ट्रा (१९८७ साली आधी नाण्याच्या मशीनवर, वर्षभरानं घरच्या टीव्हीवर) हा मात्र खेळ नव्हे, नातेवाइकांची परीक्षा. तिसऱ्या पातळीवर धबधबा चढायचा असतो. एकानं घाई केली की पडदा वर सरकतो आणि खाली राहिलेला मरतो. चुलतभावांच्या वाटण्या पुढे झाल्या असतील. पहिली ठिणगी तिथली. तीस जीव मिळवायची गुप्त खूण होती: वर वर, खाली खाली, डावी उजवी, डावी उजवी, बी, ए. ती मुळात कॉन्ट्राची नाहीच. कोनामी कंपनीचे काझुहिसा हाशिमोतो ‘ग्रेडियस’ हा खेळ घरच्या यंत्रासाठी बसवत होते. तपासायला तो त्यांना स्वतःलाच झेपेना, म्हणून त्यांनी ही चोरवाट ठेवली आणि खेळ १९८६ मध्ये तिच्यासकट बाजारात गेला. वर वर खाली खाली करत ती जगभर पसरली. हाशिमोतो २०२० मध्ये गेले.

तीस जीव असोत की तीन, शेवटचा शत्रू एकच: वीज मंडळ. खेळ जतन करायची सोय त्या कॅसेटींत नव्हती. शेवटच्या पातळीवर पोचलात आणि सिंगल फेज गेली की परत पहिल्या जंगलापासून. ‘लाईट गेलीऽऽ’ हा ओरडा एकाच वेळी चार घरांतून आला की कुणाकुणाकडे गेम चालू होता ते साऱ्या आळीला कळायचं.

मंचरला गेलं की टोकनचा गेम. तिथे राजा एकच, मुस्तफा. यंत्रावर खेळाचं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’, कॅपकॉम कंपनी, १९९३. अमेरिकी चित्रकथेवरून केलेला. त्यात जॅक आहे, हॅना आहे, आडदांड मेस आहे. पण पिवळी टोपीवाला मुस्तफा धावत येऊन अशी लाथ घालायचा की साऱ्या हिंदुस्थानानं खेळाला त्याचंच नाव देऊन टाकलं. मागे उभे राहणारे फुकटे सल्लागार तर ठरलेले: ‘जीप आली, जीप! गाडी घे रे!’

ब्रिक गेम यात्रेत मिळायचा, पाळण्याशेजारी. त्याचं मूळ मॉस्कोत: अलेक्सी पाजित्नोव्ह यांचा टेट्रिस, १९८४. हा खेळ संपत नाही, आपणच संपतो, असा समज होता. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या १३ वर्षांच्या विलिस गिब्सननं निन्टेंडोवरचा टेट्रिस १५७व्या पातळीपर्यंत नेला आणि खेळच गोठला.

मग आला नोकिया. साप १९९७ मध्ये ६११० या फोनवर आणला फिनलंडच्या तानेली आर्मांतो यांनी. माणूस दयाळू. भिंतीला धडकायच्या क्षणी वळायला निसटती सवड मिळावी म्हणून त्यांनी मुद्दाम किंचित विलंब ठेवला होता. आपल्याकडे गाजला तो २००३चा ११००: धूळ न जाणारी बटणं आणि वर टॉर्च. जगभर २५ कोटींवर खपला. रात्रीच्या लाईटीला पाणी धरायला गेलेल्या वडिलांना बांधावरचा साप दिसावा म्हणून तो टॉर्च, आणि घरी पोरांना आतला साप हवा म्हणून तोच फोन. सकाळी बॅटरी कुणी संपवली, यावर रोज पंचायत.

मोठ्या माणसांची पाळी एमएस-सीआयटीनं आणली. क्लासमध्ये निवृत्तीला आलेले गुरुजी माऊस धरून पत्ते लावत बसलेले असायचे. ‘गुरुजी, पत्ते?’ विचारलं तर म्हणायचे, ‘अरे, सराव करतोय!’ आणि ते अक्षरशः खरं होतं. १९९० च्या विंडोजमध्ये सॉलिटेअर घातला तो माऊसनं वस्तू उचलून दुसरीकडे ठेवण्याची सवय लागावी म्हणूनच. तो लिहिला वेस चेरी या उमेदवारी करणाऱ्या पोरानं, आणि त्याला त्याचं मानधन एक पैसाही मिळालं नाही. साहेब आले की पत्ते लपवायचं बटणही त्यानं ठेवलं होतं. कंपनीनं ते काढायला लावलं.

सायबर कॅफेत रोड रॅश आणि व्हाइस सिटी. वहीच्या शेवटच्या पानावर गणिताची सूत्रं कमी आणि ‘पँझर’ (रणगाडा), ‘लीव्हमीअलोन’ (पोलीस मागे सरतात) असले मंत्र जास्त. क्रिकेट ०७ हा ईए कंपनीचा क्रिकेटवरचा अखेरचा खेळ; पुढे नवा आलाच नाही. हौशी पोरं नवे संघ नि नवे कपडे त्यातच चढवत बसली.

अवसरी खुर्दमध्ये २००९ ला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आलं आणि गावाला होस्टेल मिळालं. होस्टेल म्हटलं की मिनी मिलिशिया आलाच. त्याला इंटरनेट लागायचं नाही. एकाच्या हॉटस्पॉटवर खोलीभर पोरं एकमेकांना उडवू शकत. रेंज शोधत गच्चीवर जावं लागणाऱ्या भागात हा गुण फार मोठा.

मग पबजी. इथे एक गंमत आहे. बैलगाडा शर्यती २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं थांबलेल्या. घाट ओस, मोबाईल जोरात. त्यात २ सप्टेंबर २०२० ला पबजीवरही बंदी आली. म्हणजे तरण्या पोरांना घाटही नाही आणि पबजीही नाही. पबजी नाव बदलून जुलै २०२१ मध्ये परतली, बैलगाडा त्याच वर्षी डिसेंबरमध्ये. नाव न बदलता.

एक गोष्ट जाता जाता, कारण ती आपल्या पुण्याची. ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ १९८९ चा. जॉर्डन मेकनरनं आपल्या धाकट्या भावाला पांढऱ्या कपड्यांत पळायला, उड्या मारायला लावून चित्रफीत घेतली आणि तिच्यावरून राजपुत्र रेखला. म्हणून तो इतका माणसासारखा लोंबकळतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीची ‘राजी’ (२०२०) बघा, भिंतींवरून पळणारी ती पोरगी या राजपुत्राची नात शोभते. त्याच वर्षी युबिसॉफ्ट कंपनीनं राजपुत्राच्या ‘सँड्स ऑफ टाइम’ या खेळाला नवं रूप द्यायचं काम पुणे आणि मुंबईच्या चमूंकडे असल्याचं जाहीर केलं. तारीखही दिली: जानेवारी २०२१. ती हुकली, पुढचीही हुकली आणि २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलला गेलं. मूळ राजपुत्राला राजकन्या सोडवायला फक्त साठ मिनिटं दिलेली होती.