पट्टा-करवत आणि तिचें टिकाऊ पातें

अकोल्याच्या जुन्या वस्तींतील एखादा वाडा उतरविला जातो, तेव्हां विटा-मातीचा ढीग गाडींत भरून जातो आणि अंगणांत उरतात त्या सागवानी तुळया. धुरानें आणि काळानें काळवंडलेल्या. परंतु वाकसाचा एक घाव घातला कीं आंतून सोन्याच्या रंगाचें लाकूड डोकावतें. घरचीं माणसें ठरवितात, कीं आजोबांच्या हातची ही तुळई वखारींत विकावयाची नाहीं. तिचें कपाट करावयाचें. मग सुतार येतो, तुळईवरून हात फिरवितो आणि विचारतो, "कापणार कशानें?"

प्रश्न साधा दिसतो, पण सारा नफातोटा त्यांतच आहे. सागाचें झाड तुळईजोगें होण्यास साठ-सत्तर वर्षें सहज लागतात. मेळघाटच्या रानांतून असें लाकूड एकेकाळीं वऱ्हाडच्या घराघरांत पोंचलें. आज त्या रानाचा मोठा भाग 1973–74 पासून व्याघ्रप्रकल्पाखालीं आहे, आणि जुन्या जाडीचें सागवान पैसे मोजूनहि सहजासहजीं मिळत नाहीं. हातांत आहे तें लाकूड भुशांत न घालवितां त्याच्या फळ्या पाडावयाच्या, तर करवत कोणती, हा विचार आधीं करावा लागतो.

हिशेब मांडून पाहावा. तुळई सहा इंच जाडीची आहे आणि तिच्यांतून अर्ध्या इंचाच्या, म्हणजे चार सुताच्या, फळ्या पाडावयाच्या आहेत. गोल चकतीच्या करवतीनें सहा इंच खोल काप घ्यावयाचा तर चकती मोठी लागते. दहा इंची चकती तीन इंचांच्या पलीकडे फारशी जात नाहीं. मोठी चकती वांकूं नये म्हणून जाड करावी लागते, आणि तिच्या प्रत्येक कापांत चारएक मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो. अशा करवतीनें त्या तुळईच्या नऊ फळ्या निघतात. पट्टा-करवतीचा काप एक मिलिमीटरच्या आसपास असतो. तिनें अकरा फळ्या निघतात. रंध्याखालीं जें जाईल तें दोन्हीकडे सारखेंच. म्हणजे करवतीच्या निवडीनें त्याच लाकडांतून दोन फळ्या अधिक मिळाल्या. कपाटाचें एक दार तेवढ्यांत होतें.

पट्टा-करवत, जिला कारागीर बँडसॉ म्हणतात, तिची रचना समजण्यास कठीण नाहीं. एकावर एक अशीं दोन चाकें, त्यांवर ताणलेला दातेरी पोलादी पट्टा, आणि दोहोंच्या मध्यें लाकूड ठेवण्याचें मेज. रहाटावरून दोर फिरावा तसा पट्टा फिरतो व मेजावरून खालीं जातांना लाकूड कापतो. दात नेहमीं खालच्या दिशेनें ओढतात. त्यामुळें लाकूड मेजावर दाबलें जातें, चकतीच्या करवतीप्रमाणें तें उसळून कामगाराच्या अंगावर येण्याचें भय येथें फार कमी.

ही कल्पना लंडनच्या विल्यम न्यूबेरी यानें 1808 सालींच पेटंटानें नोंदविली होती. तरीहि पुढें कित्येक वर्षें हें यंत्र व्यवहारांत येऊं शकलें नाहीं. कारण, पट्ट्याचीं दोन टोकें जोडलीं कीं सांधा तुटे. सतत वांकणें आणि सरळ होणें त्यास सोसत नसे. पॅरिसच्या ॲन पॉलिन क्रेपँ या बाईंनीं सांधा जोडण्याची नवी रीत काढून 1846 त तिचें पेटंट मागितलें, आणि पेरँ यांच्या कारखान्यानें ती रीत विकत घेतली, तेव्हां कुठें पट्टा-करवत लाकूडकामांत रुळली. आजहि या यंत्राचें दुखणें तेंच आहे. पातें टिकतें कीं नाहीं, हा प्रश्न निम्मा दातांचा, तर निम्मा वांकण्याचा आहे.

येथेंही आंकडे बोलके आहेत. घरगुती कारखान्यांत चौदा इंची चाकांचें यंत्र बरेंच चालतें. त्याचें पातें सुमारें 2,375 मिलिमीटर लांबीचें असतें आणि मिनिटास तीन हजार फूट, म्हणजे 914 मीटर, या वेगानें धांवतें. त्या वेगानें तें मिनिटाला 385 फेरे करतें, आणि प्रत्येक फेऱ्यांत दोन चाकांवर दोनदां वांकतें. एका तासांत शेचाळीस हजारांहून अधिक वेळां! लोखंडी तार हातानें पुनःपुन्हां वांकविली कीं ती तुटते, हें लहान मुलासहि ठाऊक असतें. पात्याचें तसेंच होतें. फरक इतकाच, कीं वांक जेवढा सौम्य, तेवढें आयुष्य अधिक.

वांक सौम्य कसा होईल? चाक मोठें करावें, नाहीं तर पातें पातळ घ्यावें. जाणत्यांचा जुना ठोकताळा असा आहे, कीं पात्याची जाडी चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून अधिक नसावी. चौदा इंची चाकाला हा नियम लावला तर जाडी 0.36 मिलिमीटर येते. बाजारांत मात्र त्याच यंत्रासाठीं 0.64 मिलिमीटरचीं पातीं सर्रास विकलीं जातात. तीं चालतात, पण लवकर थकतात. पाठीवर किंवा दातांच्या मुळाशीं बारीक चिरा दिसूं लागल्या, कीं समजावें, पात्याचे दात शाबूत असले तरी अंग संपलें. म्हणून लहान यंत्रास मिळेल तितकें पातळ, अर्ध्या मिलिमीटरच्या घरांतलें, पातें घेणें शहाणपणाचें. महाग पातें लहान चाकावर चढवून "टिकलें नाहीं" अशी तक्रार करणाऱ्यांनीं दोष पोलादास देण्यापूर्वीं चाकाकडे पाहावें.

पात्याचा दुसरा शत्रु झीज, आणि वऱ्हाडांत हा शत्रु सागाच्या पोटांत दडलेला आहे. सागवानांत वाळूच्या जातीचें सिलिका असतें. शंभर भागांत एक-दीड भागापर्यंतहि तें भरतें. लाकूड हातास तेलकट व मऊ लागतें, परंतु दातांना तें बारीक वाळूंतून चालावें तसें घांसतें. आंबा किंवा कडूनिंब दिवसभर कापणारें साधें पातें सागावर थोड्याच वेळांत बोथट होतें, तें यामुळें. वखर, डवरा आणि तिफण यांसाठीं आपल्याकडे वापरांत असलेली बाभूळ कठीण आहे; तिचा त्रास निराळा. तिथें दात घासण्यापेक्षां तापतात. उष्णता हा तिसरा शत्रु.

या तीन शत्रूंकडे पाहूनच पात्याचें पोलाद निवडावयाचें असतें. साध्या कार्बन पोलादाचें पातें सर्वांत स्वस्त. त्याचे दात कानशीनें पुन्हां धारदार करतां येतात, पण दोनशे अंश सेंटिग्रेडच्या पुढें तापलें कीं त्याचें पाणी उतरूं लागतें. दुसरें पातें दुहेरी धातूचें, बायमेटल. त्याची पाठ लवचिक स्प्रिंग पोलादाची आणि दातांची कड हायस्पीड पोलादाची असते. ही कड सहाशे अंशांच्या आसपासहि आपला कठीणपणा राखते. तिसऱ्या प्रकारांत प्रत्येक दाताच्या टोकास टंगस्टन कार्बाइडचा कण जडविलेला असतो. झिजेपुढें तें सर्वांत चिवट, किंमतीनेंहि सर्वांत भारी, आणि धार लावण्यास हिऱ्याचें चाक मागणारें. वर्षाकाठीं चार खिडक्या आणि एक पाट करणाऱ्या घरास कार्बन पोलाद पुरे. नेहमीं सागवान चिरणाऱ्यास बायमेटल परवडतें. सागाच्या रुंद फळ्या रोज पाडावयाच्या असतील, आणि यंत्राचें चाक व चौकट तशी भक्कम असेल, तरच कार्बाइडचा पैसा वसूल होतो.

दातांची संख्याहि कामाप्रमाणें ठरते. दोन दातांमधली खोबण म्हणजे भुसा वाहून नेणारी टोपली. जाड लाकडांत दात दाट असले तर टोपली लगेच भरते, भुसा अडकतो, पातें तापतें आणि वाट सोडून भरकटतें. म्हणून सहा इंची तुळईस इंचाला तीन दात. पाऊण इंची फळीस सहा ते दहा. रुंदीचा नियम उलटा. सरळ चिरण्यास रुंद पातें बरें, वळणास अरुंद. पाव इंची पातें सुमारें 16 मिलिमीटर त्रिज्येचें वळण घेतें, अर्धा इंची पात्यास 64 मिलिमीटर लागतात. खुर्चीची कमान आणि तुळईची फळी एकाच पात्यानें उरकूं पाहणारा दोन्ही कामें बिघडवितो.

आतां यंत्राकडे वळूं. पातें सरळ चालण्यास तें ताठ ताणलेलें असावें लागतें. अर्धा इंची पात्याचा योग्य ताण यंत्राच्या चौकटीवर दीडशे किलोंच्या आसपास भार टाकतो. तकलादू पत्र्याची चौकट त्या भारानें लवते, आणि मग कितीहि उंची पातें चढविलें तरी फळी एका टोकास जाड, दुसऱ्यास पातळ निघते. म्हणून चौकट बिडाची अथवा जाड पोलादी पेटीची असावी. मेजाच्या वर लाकूड किती उंचीचें मावतें, हें मोजून घ्यावें. चौदा इंची यंत्रांत तें बहुधा सहा इंच असतें. मोटर एक अश्वशक्तीची असली तर फळीकामास पुरते. तुळई चिरण्यास दीड-दोन हवी. घरांत एक-फेजची वीज आहे कीं तीन-फेजची, हेंहि खरेदीपूर्वींच पाहावें.

जुनें यंत्र घेतांना वीज तोडून चाकें हातानें फिरवावीं. चाकांवरच्या रबरास चिरा पडल्या आहेत काय? उन्हाळ्यांत पंचेचाळीस अंशांवर तापणाऱ्या अकोल्यांत टिनाखालीं ठेवलेल्या यंत्राचें रबर कडक होऊन सुटतें. दोन्ही चाकें एका पातळींत आहेत का, हें लांब सरळ पट्टी लावून पाहावें. मग यंत्र चालवून मेजावर रुपयाचें नाणें कडेवर उभें करावें. तें उभें राहिलें तर यंत्र समतोल आहे. पडलें तर कारण शोधल्यावांचून पैसे मोजूं नयेत.

घेतलेलें पातें टिकविणें हें शेवटीं हाताचें काम. जुन्या तुळईंत खिळे असतातच. आधीं लोहचुंबक फिरवून ते काढावे, कारण एक खिळा शेकडों रुपयांचे दात क्षणांत उडवितो. सागाचा चीक दातांवर साचतो. वीज तोडून, पातें उतरवून तो घासलेटानें पुसावा, आणि चिंधी आगीपासून दूर टाकावी. काम संपल्यावर ताण सैल करावा, पावसाळ्यांत पात्यास तेलाचा हात द्यावा. आणि बोथट पात्यावर लाकूड कधींहि जोरानें रेटूं नये. यंत्रावर तुटणाऱ्या पात्यांचीं आणि तुटणाऱ्या बोटांचीं कारणें बहुधा येथेंच सांपडतात.

बोटांविषयीं स्पष्ट बोललें पाहिजे. वरचा मार्गदर्शक लाकडाच्या वर पाव इंच राहील इतका खालीं आणावा. उघडें पातें जेवढें कमी, तेवढा धोका कमी. शेवटचे चार इंच हातानें नव्हे, काठीनें ढकलावे. हातमोजे घालूं नयेत, कारण दातांत मोजा अडकला कीं हातहि मागोमाग जातो. यंत्राचे धोक्याचे भाग झांकलेले असावेत, असें 1948 चा कारखाना-कायदा सांगत असे. घरच्या शेडास तो लागू नव्हता, तरी पात्यास कायद्याची कलमें वाचतां येत नाहींत. भुशाकडेहि दुर्लक्ष नको. लाकडाची धूळ कर्करोगास कारण होते, असा निर्णय आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेनें 1995 सालीं दिला. तोंडावर चांगली जाळी आणि शेडांत मोकळी हवा हवीच.

एक गोष्ट कायद्याची. आरागिरणी घालण्यास वनखात्याचा परवाना लागतो, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या 1996 च्या निकालापासून व 2002 च्या ऑक्टोबरांतील आदेशापासून नव्या गिरण्यांवर कडक नियंत्रण आहे. 2016 च्या मार्गदर्शक नियमांनीं तें काम राज्यपातळीच्या समित्यांकडे आलें. म्हणून गोल ओंडके चिरण्याचा विचार असेल त्यानें यंत्र आणण्यापूर्वीं वनखात्याच्या कचेरींत चौकशी करावी.

तेव्हां अंगणांतल्या त्या तुळईचें उत्तर काय? वर्षांत एकच तुळई चिरावयाची असेल तर घरांत यंत्र आणण्याचें कारण नाहीं. परवानाधारक आरागिरणीवर ती न्यावी, खिळे स्वतः काढून न्यावे, आणि पातें नुकतें धार लावलेलें आहे ना, हें विचारूनच काप घ्यावा. पण ज्या घरीं लाकूडकाम हा नित्याचा छंद किंवा धंदा आहे, त्यानें आधीं चाक, मग चौकट, मग पातें, या क्रमानें पैसा घालावा. हा क्रम उलटला कीं महागडें पातेंहि स्वस्त यंत्राबरोबर बुडतें. क्रम सांभाळला, तर साठ वर्षें रानांत आणि शंभर वर्षें छताखालीं उभें राहिलेलें सागवान आणखी दोन पिढ्या कपाटाच्या रूपानें घरांत राहतें. आणि त्यांतल्या त्या दोन अधिक फळ्या भुशांत जात नाहींत.