धावतो श्वान, चुकतो माणूस

स्पर्धा सुरू होण्यापूर्वीची काही मिनिटे मोठी गमतीची असतात. मैदानावर एकही कुत्रा नसतो. असतात ती फक्त माणसे. कुणी हवेत हात उडवत धावतो, कुणी मध्येच गिरकी घेतो, कुणी स्वतःशी पुटपुटत अडथळ्यांचे क्रमांक मोजतो. अनभिज्ञ प्रेक्षकाला हा वेड्यांचा बाजार वाटावा. प्रत्यक्षात तिथे पाठांतर चाललेले असते. परीक्षक प्रत्येक फेरीसाठी नवा मार्ग आखतात आणि तो धावण्याआधी श्वानाला दाखवण्याची मुभा नसते. पाठ करायचे ते माणसाने. श्वानाने फक्त माणसावर विश्वास ठेवायचा.

आपल्याकडे श्वानस्पर्धा म्हटली की केसांची निगा, बांधा आणि ऐटबाज चाल एवढेच डोळ्यांसमोर येते. ‘अ‍ॅजिलिटी’ या प्रकारात दिसण्याला काडीचीही किंमत नाही. 1978 मध्ये लंडनच्या प्रसिद्ध ‘क्रफ्ट्स’ प्रदर्शनात दोन कार्यक्रमांमधला रिकामा वेळ भरून काढण्यासाठी घोड्यांच्या अडथळा शर्यतीच्या धर्तीवर हा खेळ प्रथम सादर झाला. प्रेक्षकांना तो इतका भावला की दोनच वर्षांत, 1980 मध्ये, ब्रिटनच्या केनेल क्लबने त्याला मान्यता दिली. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाची, म्हणजे ‘एफसीआय’ची, विश्वविजेतेपद स्पर्धा 1996 पासून सुरू झाली.

नियम वरवर साधे आहेत. महासंघाच्या स्पर्धेत साधारण पंधरा ते बावीस अडथळे ठरलेल्या क्रमाने पार करायचे. श्वान मोकळा, साखळीविना. पोलिसांच्या श्वानपथकात ज्याला ‘हँडलर’ म्हणतात, तोच शब्द इथेही रूढ आहे. या हँडलरने धावताना श्वानाला स्पर्श करायचा नाही, हातात खाऊ किंवा खेळणे ठेवायचे नाही. उरतो तो आवाज आणि शरीर. उडीचा दांडा पडला, पाच दोषांक. अडथळ्यासमोर श्वान थबकला किंवा बाजूने निघून गेला, पुन्हा पाच. असा नकार तिसऱ्यांदा आला की जोडी बाद. चुकीचा अडथळा घेतला, तर पहिल्याच चुकीला बाद.

खरी कसोटी दोन ठिकाणी लागते. पहिली, बारा खांबांच्या रांगेत. खांबांमधले अंतर अवघे साठ सेंटिमीटर. पहिला खांब डाव्या खांद्याशी ठेवूनच श्वानाने आत शिरायचे आणि एकही खांब न गाळता नागमोडी बाहेर पडायचे. नैसर्गिकरीत्या कोणताही कुत्रा असे धावत नाही. त्यामुळे हे शिकवण्यात महिनोन्‌महिने जातात. दुसरी, चढउताराच्या अडथळ्यांवर. छपरासारख्या उंच चढणीचा खालचा भाग वेगळ्या रंगाने रंगवलेला असतो आणि उतरताना श्वानाचा निदान एक पंजा त्यावर पडावाच लागतो. श्वानाने वरूनच उडी मारून खांदे दुखावून घेऊ नयेत, हा नियमाचा हेतू. पण घड्याळ चालू असताना उडी मारण्याचा मोह श्वानाला होणारच. म्हणून अनेक जण ‘दोन पाय फळीवर, दोन जमिनीवर’ अशा स्थितीत थांबायला शिकवतात. त्यात सेकंद खर्ची पडतात. न थांबता धावत पंजा टेकवायला शिकवले तर वेळ वाचतो; मात्र ती सवय कधी दगा देईल सांगता येत नाही.

तथापि, बहुतेक दोषांक मोजले जातात श्वानाच्या नावावर आणि मुळाशी असतो माणूस. श्वान शब्दांपेक्षा शरीर अधिक वाचतो. हँडलरचा खांदा, पावलांची दिशा, वेग कमी होणे हेच त्याचे दिशादर्शक फलक. बॉर्डर कोलीसारखा श्वान सेकंदाला पाच मीटरहून अधिक वेगाने धावतो. त्याला गाठणे माणसाला अशक्य, म्हणून हँडलर आतला आखूड रस्ता धरतो आणि मोक्याच्या जागी श्वानाच्या पुढून किंवा मागून बाजू बदलतो. हे वळण अर्धा सेकंद उशिरा घेतले की श्वान समोर दिसेल त्या बोगद्यात शिरतो. तो आज्ञा मोडत नाही. उशिरा पोहोचलेली आज्ञा त्याच्या दृष्टीने दिलेलीच नसते.

मग पराभवाचा भार कोण वाहतो? अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा स्पर्धेतील पुरुष आणि त्यांच्या श्वानांच्या लाळेतील संप्रेरके तपासून 2006 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हरलेल्या जोड्यांमध्ये, ज्या पुरुषांचे टेस्टोस्टेरॉन स्पर्धेपूर्वी अधिक होते, त्यांच्या श्वानांत ताणाशी निगडित कॉर्टिसोल अधिक वाढलेले आढळले. दुवा होता हरल्यानंतरच्या वागणुकीचा: श्वानाला दटावणे, ढकलणे की जवळ घेणे. बिचाऱ्या श्वानाला स्पर्धा हरल्याचे कुठून ठाऊक असणार! त्याला धन्याचा चेहरा कळतो.

शरीरावरचा भारही दुर्लक्षिण्याजोगा नाही. या खेळातील श्वानांना खांद्याच्या दुखापती विशेष होतात, असे पाहण्यांतून दिसले आहे. महासंघाच्या स्पर्धेत अठरा महिन्यांखालील श्वानाला प्रवेश नसतो, कारण हाडे पक्की होण्याआधीच्या उड्या महागात पडू शकतात. उड्यांची उंचीही श्वानाच्या उंचीनुसार ठरते. कापडी नळीतून धावण्याचा अडथळा तर अमेरिकन केनेल क्लबने सुरक्षेच्या कारणावरून 2016 मध्ये काढूनच टाकला.

जातिवंतपणाची मात्र इथे सक्ती नाही. न्यूयॉर्कच्या ‘वेस्टमिन्स्टर’ प्रदर्शनाची अ‍ॅजिलिटी स्पर्धा 2014 मध्ये सुरू झाली तेव्हापासूनच संकरित श्वानांना तिची दारे खुली आहेत. 2024 मध्ये ‘निंबल’ ही बॉर्डर कोली आणि पॅपिलॉन यांच्या संकरातून जन्मलेली चिमुकली श्वानमादी सर्वसाधारण विजेती ठरली. संकरित श्वानाचा तिथला हा पहिलाच विजय. मुंबई-पुण्याच्या रहदारीतून सफाईने वाट काढणारे आपले गल्लीतले कुत्रे पाहिलेल्यांना त्याचे फारसे नवल वाटू नये.

याच स्पर्धेत 2019 मध्ये ‘विंकी’ नावाचा पांढराशुभ्र बिशॉन फ्रीझ मैदानात उतरला होता. जाणकार श्वान जे अंतर अर्ध्या मिनिटाच्या आसपास कापतात, त्याला विंकीने तीन मिनिटांहून अधिक वेळ घेतला. चढणीच्या माथ्यावर थांबून त्याने निवांत सभोवार नजर टाकली. प्रेक्षक टाळ्या वाजवतच राहिले.