तपासणी दोघांची हवी

मराठीत ‘वांझ’, कन्नडमध्ये ‘बंजे’. शब्द दोन, पण बोट बाईकडेच. वास्तविक मूल न होण्याचे कारण पुरुषातही असू शकते. म्हणून वर्षभरात दिवस गेले नाहीत, किंवा पत्नीचे वय ३५ च्या पुढे असल्यास ६ महिन्यांत, तर दोघांनीही तपासून घ्यावे. पतीची वीर्यतपासणी सुरुवातीलाच व्हावी.

स्त्रीची पहिली तपासणी सोनोग्राफीची. तीत क्ष-किरण नसतात. फायब्रॉइडच्या गाठी व बीजकोश योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत चांगले दिसतात. गर्भनलिका मोकळ्या आहेत का, हे पाहण्यासाठी एचएसजी करतात. पाळी संपल्यावर, बीज फुटण्याआधी गर्भाशयात औषध सोडून एक्स-रे काढतात. त्या वेळी ओटीपोटात कळ येऊ शकते.

पण एचएसजीत दिसते ती आतल्या पोकळीची सावली. मध्ये पडदा असलेले गर्भाशय आणि दुशिंगी गर्भाशय तिच्यात सारखेच भासू शकते. पडदा दुर्बिणीतून कापता येतो. दुशिंगी गर्भाशयात तसे कापणे धोक्याचे. बाहेरचा आकार थ्रीडी सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये कळतो, म्हणून शस्त्रक्रियेआधी हा फरक स्पष्ट व्हायला हवा. पॉलिप, म्हणजे आतला मांसल कोंब, पाहायचा तर गर्भाशयात सलाइन सोडून सोनोग्राफी करतात.

प्रत्येकीला सगळ्याच तपासण्या लागत नाहीत. ‘ही कशासाठी? हिच्यामुळे उपचार बदलणार का?’ असे डॉक्टरांना नि:संकोच विचारावे. आणि दवाखान्यात सुनेला एकटीला पाठवू नये. फाइल दोघांची असते.