रोहितांच्या माहेराचा शोध

भिगवणचा हिवाळा रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने शंभरेक किलोमीटर गेले की उजनीचा फुगवटा दिसू लागतो. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. गावेच्या गावे पाण्याखाली गेली, पळसदेवचे जुने देऊळही बुडाले. पावसाळ्यानंतर पाणी ओसरू लागते, काठाचा उथळ गाळ उघडा पडतो आणि त्यावर रोहित उतरतात. कुंभारगाव, डिकसळचे मच्छीमार पहाटे नावा लोटून पक्षी पाहायला आलेल्यांना थव्यांपर्यंत नेतात.

रोहित चोच उलटी करून पाण्यात बुडवतो. चोचीच्या कडांना बारीक दातेरी गाळणी असते. जिभेच्या जोराने तो गाळपाणी आत ओढतो, बाहेर टाकतो आणि शेवाळ, किडे, बारीक कवचधारी जीव तेवढे ठेवतो. या अन्नातल्या रंगद्रव्यांनीच त्याची पिसे गुलाबी होतात. भिगवणला करड्या रंगाची तरुण पिलेही दिसतात, पण अंडी मात्र इथे सापडत नाहीत. त्यांचे माहेर कच्छच्या मोठ्या रणात आहे.

त्या माहेराची मोजदाद पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनी एप्रिल १९४५ मध्ये केली. कच्छचे महाराव खेंगारजी यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच या वसाहतीचा पत्ता लागला होता. त्यांच्यानंतर गादीवर आलेल्या विजयराजींनी सलीम अलींकडून कच्छच्या पक्ष्यांची पाहणी करवून घेतली. ऐन उन्हाळ्यात, खारट चिखलातून उंटावरचा प्रवास करून सलीम अली रोहितांच्या नगरीत पोहोचले. चिखलाचे छोटे बुरूज रचून केलेली घरटी, प्रत्येकात सहसा एकच अंडे. घरटी लाखाहून अधिक निघाली आणि पक्ष्यांचा अंदाज पाच लाखांवर गेला.

या कष्टांमागचा माणूस तेव्हा एकटा होता. पत्नी तेहमिना हैदराबाद आणि त्रावणकोरच्या पाहण्यांत त्यांच्यासोबत रानावनात राहिल्या होत्या. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्या गेल्या. सलीम अली बहिणीच्या पाली हिलच्या घरी राहायला आले. त्यांनी दुसरे लग्न केले नाही. पुढची जवळजवळ पन्नास वर्षे पक्ष्यांच्या कामाला दिली.

याच काळात त्यांना एक जिवाभावाचा मित्र मिळाला. लोक वान थो हा मलायाच्या धनाढ्य घराण्यातला तरुण. १९४२ मध्ये जपानी सैन्यापुढून निसटताना त्याच्या जहाजावर बाँब पडले, तो भाजला, काही काळ त्याची दृष्टीही गेली. निर्वासित म्हणून तो भारतात आला आणि मुंबईत सलीम अलींच्या सहवासात पक्ष्यांचा उत्तम छायाचित्रकार झाला. दोघांनी पुढे कितीतरी भटकंती एकत्र केली. मोहिमांच्या खर्चाचा भार लोकने आनंदाने उचलला. २० जून १९६४ रोजी तैवानमधल्या विमान अपघातात तो पत्नीसह गेला. सलीम अलींच्या आत्मचरित्रात त्याला मानाची जागा आहे.

१९४५ सालीच सलीम अली कैलास-मानसरोवरलाही जाऊन आले. तिबेटच्या पठारावरची अशी सरोवरे हे पट्टकादंबाचे घर. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हा हंस हिमालय ओलांडतो. उड्डाणात त्याची नोंद सात हजार मीटरच्याही वर झाली आहे. हिवाळ्यात तोही भिगवणला येतो. उजनीचे धरण कागदावरही नव्हते, तेव्हाच त्याच्या दोन मोठ्या पाहुण्यांची घरे एका संशोधकाने एकाच वर्षात पायांखाली घातली होती!

२०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ठाण्याच्या खाडीतल्या सहा रोहितांच्या पाठीवर उपग्रह-यंत्रे बसवली. त्यांतल्या एकाचे नाव सलीम, दुसऱ्याचे खेंगारजी. पूर्वी उंटाच्या पावलांनी मिळणारी माहिती आता आकाशातून मिळते. प्रश्न मात्र तोच आहे : पक्षी कुठून येतो, आणि वाटेत त्याला काय लागते?

म्हणून उजनीची काळजी केवळ भिगवणची नाही. मुळा-मुठेतून पुण्याचे सांडपाणी भीमेत येते आणि इथे साठते. चांगल्या छायाचित्रासाठी नाव थव्यात घुसवली की पक्षी चरणे सोडून उडतात, आणि परतीच्या प्रवासासाठी साठवलेली ताकद वाया जाते. नावाड्याला लांबच थांबायला सांगणे आपल्या हातात आहे. सांडपाणी शुद्ध करूनच नदीत सोडा, हा आग्रह पुणेकरांनी धरायला हवा. कच्छचे रण आणि तिबेटची सरोवरे कितीही सुरक्षित ठेवली, तरी मधला हा मुक्काम नासला तर थवे तगणार नाहीत.