चित्रांची रोजकीर्द

धाकट्या भावाचा सावंतवाडीहून फोन आला की तो आधी मुंबईच्या पावसाची चौकशी करतो, मग माझ्या गुडघ्यांची, आणि त्यानंतर मूळ विषयावर येतो. या वेळी त्याने पाऊसही विचारला नाही आणि गुडघेही. एकदम म्हणाला, ‘‘दादा, चेडवाक जरा समजाव. नोकरी सोडलीय तिने.’’

चेडू म्हणजे त्याची मुलगी, माझी पुतणी. वय सव्वीस. कोल्हापुरात उपयोजित कला शिकली, मुंबईत आली, तीन वर्षं एका जाहिरात कंपनीत चित्रं काढत होती. आता ती मुलांच्या पुस्तकांसाठी स्वतंत्रपणे चित्रं काढणार होती. मालाडला दोन मैत्रिणींबरोबर एका खोलीत राहते. भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला द्यावं लागतं. चित्रांचे पैसे मात्र प्रकाशकाला आठवण होईल तेव्हा येतात. भावाची काळजी अनाठायी नव्हती. ‘‘आता कॉम्प्युटरला सांगितलं की तो अर्ध्या मिनिटात चित्र काढून देतो म्हणे. मग हिला कोण विचारणार?’’ असंही त्याने विचारलं. या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पण मी बँकेत छत्तीस वर्षं काढलेली. घरात पैशाचा प्रश्न आला की निवाड्याला मला बसवतात.

मी तिला रविवारी घरी जेवायला बोलावलं. ती म्हणाली, ‘‘काका, उपदेश करणार असाल तर कुलाब्याला या. मोंडेगारमध्ये बसू. निदान भिंतींवर चित्रं तरी आहेत.’’

रीगल सिनेमाजवळचं कॅफे मोंडेगार ज्यांनी पाहिलं असेल त्यांना त्या भिंती सांगायला नकोत. मारिओ मिरांडाच्या चित्रांनी त्या भरून गेल्या आहेत. एका बाजूला मुंबईतलं जगणं, दुसऱ्या बाजूला त्या कॅफेतलीच वर्दळ. आपण चहाचा कप हातात धरून बसावं आणि समोरच्या भिंतीवरून आपल्यासारखाच कुणी आपल्याकडे बघत असावा, असं तिथे वाटतं. मी १९८४ साली फोर्टमधल्या शाखेत रुजू झालो तेव्हा ही चित्रं तिथे नव्हती. ती नव्वदच्या सुमाराला आली. पण मारिओ तेव्हाही सगळीकडे होता. ‘इलस्ट्रेटेड वीकली’त होता, ‘फेमिना’त होता, ‘इकॉनॉमिक टाइम्स’मध्ये होता. ठिपक्याठिपक्यांच्या फ्रॉकमधली मिस फोन्सेका, सिनेनटी मिस निंबूपानी, मंत्री बुंडलदास ही मंडळी आमच्या शाखेतल्या लोकांपेक्षा मला जास्त ओळखीची वाटत. गावाहून आलेल्या मला मुंबईच्या गर्दीची भीती वाटायची. त्या गर्दीत प्रत्येकाला वेगळं नाक असतं, हे मला मारिओच्या चित्रांनी दाखवलं.

हा माणूस मूळचा मुंबईचा नव्हे. जन्म दमणचा, २ मे १९२६ चा. घर गोव्यात, सासष्टीतल्या लोटली गावी. श्याम बेनेगल यांच्या ‘त्रिकाल’ या १९८५ च्या चित्रपटात जो भव्य जुना वाडा दिसतो, तो मिरांडांचाच. लहानपणी मारिओ त्या घराच्या भिंतींवर चित्रं काढायचा. दुसरी एखादी आई धपाटा घालती. याच्या आईने त्याला कोरी वही आणून दिली. तीच त्याची डायरी. आपण डायरीत शब्द लिहितो, हा चित्रं काढायचा. शाळेत पाद्र्यांची चित्रं काढून त्याने ओरडाही खाल्ला.

पुढे तो मुंबईला सेंट झेवियर्समध्ये आला. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होता. १९६१ साली तो मुक्त झाला. म्हणजे लोटलीहून मुंबईला येणं हे दुसऱ्या राज्यात येणं होतं, आणि तरीही मुंबई गोवेकरांना परकी नव्हती. झेवियर्सच्या आसपास, धोबीतलावच्या गल्ल्यांतून गोव्यातल्या एकेका गावाचे क्लब होते. त्यांना ‘कूड’ म्हणत. बोटीवर नोकरी करणारे खलाशी पुढची बोट मिळेपर्यंत तिथे पेटी टाकून राहायचे. गोव्याने मुंबईला आचारी दिले, वादक दिले, खलाशी दिले आणि चित्रकारही दिले. दीनानाथ दलाल हेही गोव्याचेच. त्यांनी मुंबईत १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला आणि मराठी घराघरांत दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ ही जपून ठेवायची वस्तू झाली.

मारिओने इतिहास घेऊन बी. ए. केलं. सनदी नोकरीचा विचार होता. मग आईवडिलांच्या इच्छेखातर वास्तुकलेच्या वर्गात गेला आणि लवकरच कंटाळला. चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्याने कधीच घेतलं नाही. जाहिरातींच्या एका स्टुडिओत चार वर्षं काम केलं. एका मोठ्या वृत्तपत्राने त्याची चित्रं आधी परत केली. ‘करंट’ने ती छापली आणि साधारण वर्षभराने त्याच मोठ्या वृत्तपत्राने त्याला बोलावून घेतलं. मग शिष्यवृत्तीवर वर्षभर लिस्बन, पुढे पाच वर्षं लंडन आणि पुन्हा मुंबई. शेवटी लोटलीच्या घरी परतला. तिथेच ११ डिसेंबर २०११ ला गेला. पद्मविभूषण मरणोत्तर, २०१२ साली मिळालं.

हे सगळं मी पुतणीला ऐकवलं, अर्थात माझ्या सोयीने. चार वर्षांच्या नोकरीवर जरा जास्त जोर दिला. तिने ते ऐकून घेतलं. मग पिशवीतून एक वही काढून माझ्यापुढे ठेवली.

वहीत लोकलच्या बायका होत्या. दारात वाऱ्याला उभी राहिलेली एक. मांडीवर पालक निवडणारी एक. तिसरी झोपलेली, पण झोपेतही पर्सचा बंद मुठीत. एका पानावर नुसते हातच, वरच्या कड्या धरलेले. प्रत्येक पानाखाली तारीख होती. मी सवयीने तारखा तपासल्या. एकही दिवस सुटला नव्हता. तापात होती त्या दिवशीसुद्धा उशाजवळच्या औषधाच्या बाटलीचं चित्र होतं.

बँकेत आम्ही रोजकीर्द ठेवायचो. दिवसभराचा सगळा व्यवहार त्याच दिवशी लिहायचा आणि हिशेब जुळल्याशिवाय घरी जायचं नाही. आठ आण्यांसाठी रात्री नऊपर्यंत बसल्याचं मला आठवतं. मारिओच्या १९४९, १९५० आणि १९५१ च्या डायऱ्या आता पुस्तकरूपाने निघाल्या आहेत. त्या चाळताना मला आमची रोजकीर्दच आठवली होती. तेव्हा तो तेवीस ते पंचवीस वर्षांचा होता. ही चित्रं कुठल्या संपादकाने मागवलेली नव्हती. कुणी पैसे देणार नव्हतं. तरी त्या दिवशी दिसलेलं त्या दिवशी मांडून ठेवायचं. आपण ज्याला प्रतिभा म्हणतो तिची ठेव मला तिथे साठताना दिसली. रक्कम लहान, पण भरणा रोजचा.

‘‘सावंतवाडीत असं काढता आलं नसतं का?’’ मी विचारलं. ‘‘मोती तलाव आहे, बाजार आहे, लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत.’’

‘‘तिथे मला सगळे ओळखतात, काका. मी वही काढली की बाजारातली बाई आधी बाबांची तब्येत विचारते आणि मग पदर सारखा करून नीट बसते. इथे मला कुणी ओळखत नाही. म्हणून मला बघता येतं.’’

मला एकदम १९८४ चा मी आठवलो. दादरच्या एका घरात कॉटबेसिसवर राहायचो. काउंटरच्या जाळीमागून माणसं बघायचो आणि रात्री त्यांच्याबद्दल लिहायचो. माझी पहिली कादंबरी त्या जाळीमुळेच लिहून झाली. मुंबईत जन्मलेले माझे सहकारी त्या माणसांकडे टोकन नंबर म्हणून बघत. त्यांचं चुकत नव्हतं. रोजची वाट आपल्याला दिसेनाशी होते. बाहेरून आलेल्याला मात्र काही वर्षं ती दिसत राहते. मारिओला बहुधा ती जन्मभर दिसत राहिली.

मी खुशीत येऊन म्हणालो, ‘‘मग ठरलं तर. मारिओनेही असंच केलं.’’

पुतणीने चहाचा कप खाली ठेवला. ‘‘काका, मारिओच्या मागे लोटलीचा वाडा होता. मुंबई नाही जमली तर परत जायला. माझ्यामागे काय आहे? बाबा म्हणतात, परत आलीस तर लग्नाचं बघू.’’

छत्तीस वर्षं टेबलाच्या पलीकडे बसलेल्या माणसांना मी एकच प्रश्न विचारत आलो : तारण काय? कित्येकांची तोंडं त्या प्रश्नाने उतरलेली मी पाहिली. एकदा एक तरुण रंगारी पाट्या आणि फलक रंगवण्याच्या दुकानासाठी कर्ज मागायला आला होता. हात सुंदर होता त्याचा. अर्जावरची अक्षरंसुद्धा बघत राहावीत अशी. त्याच्याकडे तारण नव्हतं आणि जामीनदारही नव्हता. मी नियमाप्रमाणे अर्ज परत केला. नियम बरोबर होता. पण तो जिना उतरताना थांबला आणि आमच्या शाखेची रंग उडालेली पाटी बघत राहिला, ते मी विसरलेलो नाही. आज तोच प्रश्न घरातल्या मुलीने मला उलटा विचारला होता, आणि मारिओची गोष्ट सांगताना वाड्याचा भाग मी सोयीस्करपणे सिनेमापुरता ठेवला होता.

मग आम्ही उपदेश सोडून हिशेबाला बसलो. कागदी रुमालावर आकडे मांडले. सहा महिन्यांचं भाडं आणि जेवणखाण वेगळ्या खात्यात. त्याला हात लावायचा नाही. काम घेताना निम्मी रक्कम आधी आणि सगळं लेखी. आठवड्यातले दोन दिवस जाहिरातीची फुटकळ कामं. त्यात कमीपणा मानायचा नाही. आणि लोकलची वही रोज. ती कुणाला विकायची नाही. चित्र काढणाऱ्या यंत्राचंही मी विचारलं. ती म्हणाली, ‘‘ते येणारच, काका. काही कामं नेणारही. पण पालक निवडणारी ती बाई मला दिसली तेव्हा तिने जुडीतल्या चार काड्या बाजूला ठेवल्या होत्या. घरच्या कासवासाठी. मी विचारलं म्हणून कळलं.’’ तिने पान उलटून दाखवलं. कोपऱ्यात एक छोटं कासव होतं.

रात्री मी भावाला फोन केला. म्हटलं, ‘‘वर्षभर तिला काही बोलू नकोस. कमी पडलं तर जामीनदार मी. आणि परत येण्याच्या दाराला लग्नाचं कुलूप लावू नकोस. आपल्या घराचं दार तिला नुसतं उघडं असू दे.’’

तो बराच वेळ बोलला नाही. मला वाटलं, फोन कट झाला. मग म्हणाला, ‘‘आमच्या वेळच्या बालभारतीच्या इंग्रजी पुस्तकात चित्रं होती बघ. ती याच मारिओची ना?’’

‘‘त्याचीच.’’

‘‘मी ती ट्रेसिंग पेपरवर गिरवायचो. अण्णांनी कागद फाडून टाकले होते.’’

चाळीस वर्षांहून अधिक काळात हे तो मला पहिल्यांदाच सांगत होता. एकाच घरात, एकाच कंदिलाखाली अभ्यास केलेली आम्ही दोघं. मी काय बोलणार?

फोन ठेवायच्या आधी त्याने एवढंच विचारलं, ‘‘रोज काढता ती?’’

‘‘रोज,’’ मी म्हटलं. ‘‘तारीख घालून.’’